‘इंटरव्हीन’ नेमकं कसं वापरायचं: अर्ज, ईमेल आणि बातमी लिहिणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या सेक्रेटरीपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत कुणालाही इंग्रजीत अर्ज लिहायचा झाला की शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘काइंडली इंटरव्हीन इन द मॅटर अँड डू द नीडफुल.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट नाही. खोट ही की ते वाचून साहेबांना नेमकं काय करायचं हे कळत नाही, आणि ज्याला काही करायचंच नसतं त्याच्या ते पथ्यावर पडतं. ही झाली सौम्य चूक. ‘द पोलीस इंटरव्हीन्ड द फाइट’, ‘द मॅटर वॉज इंटरव्हीन्ड बाय द प्रिन्सिपल’, ‘वुई रिक्वेस्ट युअर इंटरफिअरन्स’ ही वाक्यं मात्र सरळसरळ चूक आहेत. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या ईमेलमध्ये आणि मराठीवरून इंग्रजीत केलेल्या बातम्यांमध्ये ती सर्रास सापडतात.

याचं मूळ दोन ठिकाणी आहे. आपण ‘हस्तक्षेप’ हा एकच शब्द चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी वापरतो. इंग्रजीत त्यासाठी ‘इंटरव्हीन’ आणि ‘इंटरफिअर’ अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत. शिवाय आपण हस्तक्षेप ‘करतो’, आणि ते ‘करणं’ इंग्रजीतही बरोबर घेऊन जातो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक जण थेट तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ‘इन लावू की बिट्वीन’ इथे उडी मारतात आणि मग चुकीच्या क्रियापदाला बरोबर शब्दयोगी लावून बसतात.

इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. डोळ्यांतून सुटलेली चूक कानाला खटकते.

## टप्पा 1: आधी मराठीत चार उत्तरं लिहून काढा

कीबोर्डला हात लावण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहा.

1. मध्ये कोण पडणार आहे?
2. कशात? भांडण, वाद, व्यवहार, चौकशी, खटला, की नुसतीच अडचण?
3. ती गोष्ट आत्ता चालू आहे का?
4. मध्ये पडून त्या व्यक्तीने नेमकं काय करायचं?

पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरावर सगळा खेळ आहे. ‘इंटरव्हीन’ करणारा मुळात बाहेरचा असावा लागतो, आणि काहीतरी आधीपासून चालू असावं लागतं. दोन शेजाऱ्यांचं पार्किंगवरून वाजलं आणि चेअरमन मध्ये पडले, तर चेअरमन ‘इंटरव्हीन्ड’. पण त्या दोघांपैकी एकजण स्वतः चेअरमनच असेल तर तो इंटरव्हीन करत नाही, तो भांडतोय.

अर्ज लिहिणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रस्त्यावरची जलवाहिनी फुटली आहे आणि तुम्ही महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला ‘प्लीज इंटरव्हीन’ असं लिहिता. ती वाहिनी त्यांचीच. दुरुस्ती हे त्यांचं कामच. ‘इंटरव्हीन’ लिहून तुम्ही त्यांना तिऱ्हाईत ठरवता, जणू ते आले तर उपकार. तिथे ‘प्लीज रिपेअर द पाइप’ किंवा ‘प्लीज टेक ॲक्शन’ लिहायचं. तीच तक्रार घेऊन तुम्ही नगरसेवकाकडे किंवा आयुक्तांकडे गेलात, विभाग दाद देत नाही म्हणून, तर मात्र ‘इंटरव्हीन’ बरोबर बसतं. कारण आता तुमच्या आणि विभागाच्या मध्ये तिसरी व्यक्ती येते आहे.

सावधान: ज्याची ती जबाबदारीच आहे, त्याला ‘इंटरव्हीन’ करायला सांगू नका. बँकेने तुमचे पैसे चुकून कापले तर बँकेला ‘रिव्हर्स द चार्ज’ सांगा. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांना ‘इंटरव्हीन’ सांगा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहिता येत नसेल तर अर्ज अजून लिहायला घेऊ नका. ‘काहीतरी करा’ हे उत्तर नव्हे.

## टप्पा 2: क्रियापद निवडा

‘इंटरव्हीन’ आणि ‘इंटरफिअर’ यांचा घोळ सोडवायला एक साधी चाचणी पुरते. तुमच्या मराठी वाक्यातला ‘हस्तक्षेप’ काढा आणि त्या जागी आधी ‘ढवळाढवळ’, मग ‘लक्ष घालणं’ ठेवून बघा. ‘ढवळाढवळ’ बसली तर इंटरफिअर. ‘लक्ष घालणं’ बसलं तर इंटरव्हीन.

‘राजकीय हस्तक्षेपामुळे चौकशी रखडली’: ढवळाढवळ चपखल बसते, म्हणून पोलिटिकल इंटरफिअरन्स. ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर संप मिटला’: इथे लक्ष घातलं, म्हणून इंटरव्हेन्शन. आता ‘वुई रिक्वेस्ट युअर इंटरफिअरन्स’ पुन्हा वाचा. ‘आपण कृपया ढवळाढवळ करावी ही विनंती’ असा त्याचा अर्थ होतो.

चाचणी कुठे अडते? एक, ‘मध्ये पडणं’ इथे. मराठीत ते दोन्हीकडे झुकतं. ‘काका मध्ये पडले म्हणून निभावलं’ यात काका इंटरव्हीन्ड. ‘तू यात पडू नकोस’ यात मात्र इंटरफिअर आहे, आणि रोजच्या बोलण्यात त्याहूनही सरळ ‘स्टे आउट ऑफ इट’.

दोन, बातमीत. एकाच घटनेला मंत्री इंटरव्हेन्शन म्हणतील आणि विरोधक इंटरफिअरन्स. भाषांतर करणाऱ्याने कोण बोलतंय ते आधी बघावं आणि त्याच्या तोंडी त्याचाच शब्द ठेवावा. बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात इंटरव्हेन्शन ठेवलेलं बरं, ते तुलनेने तटस्थ आहे.

तीन, राजनैतिक कागदपत्रांत. संयुक्त राष्ट्रांच्या 1945 च्या सनदेत कलम 2 मधलं सातवं उपकलम देशांच्या अंतर्गत बाबींबद्दल आहे, आणि तिथे मनाई आहे ती ‘इंटरव्हीन’ करायला. भारत आणि चीन यांच्यातल्या 1954 च्या करारातल्या पंचशील तत्त्वांमध्ये मात्र शब्द आहे ‘नॉन-इंटरफिअरन्स’. मराठीत आपण दोन्हीकडे ‘हस्तक्षेप’च लिहितो. उलट इंग्रजीत जाताना अशा ठिकाणी आपली चाचणी वापरू नये, मूळ दस्तऐवजातला शब्द जसाच्या तसा घ्यावा.

आणि चार, कोर्टात. ‘द कोर्ट डिक्लाइन्ड टू इंटरफिअर विथ द ऑर्डर’ हे वाक्य निकालांच्या बातम्यांत नेहमीचं आहे. यात ढवळाढवळीचा वास नाही. खालच्या कोर्टाचा किंवा प्राधिकरणाचा आदेश आम्ही बदलणार नाही, एवढाच अर्थ. इथे ‘इंटरफिअर’ दुरुस्त करून ‘इंटरव्हीन’ करायला जाऊ नका.

सावधान: ‘इंटरफिअर विथ’ च्या पुढे लहान मुलाचा उल्लेख टाळा. ब्रिटिश इंग्रजीत तो लैंगिक अत्याचारासाठी आडवळणाने वापरला जाणारा प्रयोग आहे. शाळेच्या तक्रारीत ‘ही वॉज इंटरफिअरिंग विथ माय डॉटर’ असं लिहिलंत आणि तुम्हाला म्हणायचं होतं की तो तिला अभ्यास करू देत नाही, तर लंडनच्या शाळेत पुढच्या तासाभरात वेगळीच चौकशी सुरू होईल. ‘डिस्टर्बिंग’ किंवा ‘बॉदरिंग’ लिहा.

बाकीची भावंडं थोडक्यात.

‘इंटरप्ट’ म्हणजे बोलणं किंवा चालू काम तोडणं. मीटिंगमध्ये ‘सॉरी टू इंटरव्हीन’ म्हणणारे बरेच आहेत. बोलणाऱ्याला थांबवायचं असेल तर ‘सॉरी टू इंटरप्ट’. चर्चेत आपलं म्हणणं मांडण्यासाठी उतरणं मात्र ‘इंटरव्हीन’ असू शकतं. संसदेत एखादा मंत्री चर्चेला उत्तर न देता मध्येच भाषण करतो तेव्हा तो ‘इंटरव्हीन्स इन द डिबेट’, आणि ते कामकाजाला धरूनच असतं.

‘मीडिएट’ म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असलेला तटस्थ माणूस त्यांना तडजोडीपर्यंत नेतो. इंटरव्हीन करणाऱ्याला दोघांची संमती लागत नाही. हवालदार संमती विचारून मध्ये पडत नाही. कायदेशीर पत्रात जास्त जपा: भारतात 2023 चा मीडिएशन कायदा आहे, तर लवादासाठी 1996 चा आर्बिट्रेशनचा कायदा. आपण मराठीत सैलपणे ‘मध्यस्थी’ म्हणतो म्हणून पत्रात ‘मीडिएशन’ लिहून टाकलं, तर समोरचा वकील तो शब्द कायद्याच्या अर्थानेच घेईल.

‘इंटरसीड’ म्हणजे कुणासाठी तरी रदबदली. बाजू घेतलेली आहे हे त्यात गृहीत असतं. ‘शी इंटरसीडेड विथ द वॉर्डन ऑन हिज बिहाफ.’

‘स्टेप इन’ हे ‘इंटरव्हीन’चं घरगुती रूप. बोलताना आणि साध्या ईमेलमध्ये तेच बरं दिसतं. फक्त पुढे ‘फॉर’ लागलं की अर्थ बदलतो: ‘कॅन यू स्टेप इन फॉर मी?’ म्हणजे माझ्यासाठी मध्ये पड असं नव्हे, माझ्या जागी तू उभा राहा. बदली शिक्षक, बदली खेळाडू, बदली वक्ता.

तपासणी: ठरवलेलं क्रियापद आणि टप्पा 1 मधलं पहिलं उत्तर शेजारी ठेवा. मध्ये येणारा बाहेरचा, आगंतुक नव्हे, आणि त्याच्या येण्याने परिस्थिती सुधारावी अशी अपेक्षा, एवढं जुळलं तरच पुढे जा.

## टप्पा 3: वाक्य बांधा

‘इंटरव्हीन’ला कर्म नसतं. एवढा एक नियम पक्का झाला की निम्म्या चुका गळून पडतात.

‘पोलिसांनी भांडणात हस्तक्षेप केला’ या वाक्यात ‘केला’चं कर्म ‘हस्तक्षेप’ आहे. इंग्रजीत हस्तक्षेप आणि करणं हे एकाच शब्दात मुरलेलं आहे, त्यामुळे कर्मासाठी जागाच उरत नाही. म्हणून:

चूक: द पोलीस इंटरव्हीन्ड द फाइट.
बरोबर: द पोलीस इंटरव्हीन्ड इन द फाइट.

चूक: द पोलीस डिड इंटरव्हेन्शन.
चूक: द पोलीस टुक इंटरव्हेन्शन.
बरोबर: द पोलीस इंटरव्हीन्ड.

शेवटचं वाक्य अर्धवट वाटतं, पण ते पूर्ण आहे. मागच्या वाक्यात भांडणाचा उल्लेख होऊन गेला असेल तर पुन्हा ‘इन द फाइट’ लिहायची गरज नाही.

कर्म नाही, म्हणजे कर्मणी प्रयोगही नाही. ‘द मॅटर वॉज इंटरव्हीन्ड बाय द प्रिन्सिपल’ हे वाक्य कुठल्याच इंग्रजीत उभं राहत नाही. सरकारी मराठीत ‘हस्तक्षेप करण्यात आला’ लिहायची सवय असते, तिथून हे येतं. कोणी केला ते सांगायचं नसेल तर नामाचा आधार घ्या: ‘देअर वॉज ॲन इंटरव्हेन्शन फ्रॉम द डिपार्टमेंट.’ पण कोणी केला हे माहीत असेल तर लपवू नका, कर्ता पुढे आणा.

सावधान: ‘ही वॉज फोर्स्ड टू इंटरव्हीन’ हे बरोबर आहे. कर्मणी प्रयोग तिथे ‘फोर्स’चा आहे, ‘इंटरव्हीन’चा नाही. घाबरून ते खोडू नका.

आता शब्दयोगी. चारच लक्षात ठेवा.

‘इन’ हा सगळ्यात जास्त लागणारा. वाद, प्रकरण, संप, युद्ध, बाजार, चर्चा, खटला, सगळ्यांना ‘इन’.

‘बिट्वीन’ दोन बाजू नावानिशी समोर असतील तेव्हा: ‘देअर आँट इंटरव्हीन्ड बिट्वीन द टू ब्रदर्स.’

‘ऑन बिहाफ ऑफ’ कुणासाठी ते सांगायचं असेल तेव्हा: ‘द युनियन इंटरव्हीन्ड ऑन बिहाफ ऑफ द ड्रायव्हर्स.’ नुसतं ‘फॉर द ड्रायव्हर्स’ लिहिणारे बरेच आहेत. ते लंगडं वाटतं.

‘टू’ आणि पुढे क्रियापद, हे हेतूसाठी. आणि अर्जात हेच सर्वांत कामाचं, कारण टप्पा 1 मधलं चौथं उत्तर इथे येऊन बसतं: ‘द कलेक्टर इंटरव्हीन्ड टू स्टॉप द डेमोलिशन.’ रिझर्व्ह बँकेच्या बातम्यांत हीच रचना सापडेल: ‘द आरबीआय इंटरव्हीन्ड इन द करन्सी मार्केट टू कर्ब व्होलाटिलिटी.’ कोण, कशात, कशासाठी, तिन्ही एका ओळीत. बातमी लिहिणाऱ्याने हे वाक्य साचा म्हणून जवळ ठेवावं. पुढे ‘बाय सेलिंग डॉलर्स’ जोडलं की ‘कसं’ तेही येतं.

‘इनटू’ लावू नका. ‘इंटरव्हीन इनटू द मॅटर’ हे ‘लुक इनटू द मॅटर’शी झालेली गफलत आहे. ‘लुक इनटू’ म्हणजे चौकशी करणं, आणि पुष्कळदा आपल्याला तेवढंच हवं असतं; मग तेच लिहा.

तपासणी: वाक्यातल्या ‘इंटरव्हीन’च्या लगेच पुढचा शब्द बघा. तिथे पूर्णविराम, ‘इन’, ‘बिट्वीन’, ‘ऑन’, ‘टू’, ‘अँड’ किंवा ‘पर्सनली’, ‘डायरेक्टली’सारखं क्रियाविशेषण असेल तर ठीक. ‘द’ किंवा एखादं नाम असेल तर थांबा.

## टप्पा 4: विनंती, मागणी, सांगणं

‘हस्तक्षेप करण्याची मागणी केली’ हे मराठी बातमीतलं रोजचं वाक्य. इंग्रजीत प्रत्येक सांगण्याच्या क्रियापदाची चाल वेगळी आहे.

‘आस्क’, ‘अर्ज’ (आग्रहाने सांगणं; मराठीतला अर्ज नव्हे) आणि ‘रिक्वेस्ट’ यांच्यामागे व्यक्ती आणि ‘टू इंटरव्हीन’: ‘रेसिडेंट्स अर्ज्ड द मेयर टू इंटरव्हीन.’ इथे ‘फॉर इंटरव्हीनिंग’ नको.

‘डिमांड’ची चाल वाकडी आहे. ‘डिमांडेड द कलेक्टर टू इंटरव्हीन’ चालत नाही. ‘दे डिमांडेड दॅट द कलेक्टर इंटरव्हीन’ असं लिहायचं, आणि कलेक्टर एकच असला तरी शेवटी ‘एस’ लागत नाही. हे विचित्र वाटत असेल तर मध्ये ‘शुड’ घाला: ‘दॅट द कलेक्टर शुड इंटरव्हीन’. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते नेहमीचंच आहे.

‘सीक’च्या पुढे नाम येतं: ‘दे सॉट द कोर्ट्स इंटरव्हेन्शन.’ बातमीच्या मथळ्याला सोयीचं, म्हणून वर्तमानपत्रांत त्याचा सुकाळ. अर्जात मात्र ‘आय सीक युअर काइंड इंटरव्हेन्शन’ लिहिण्यापेक्षा सरळ विनंती जास्त वजनदार दिसते.

हस्तक्षेप करायला ‘लावणं’ किंवा ‘भाग पाडणं’ असेल तर ‘गॉट द पोलीस टू इंटरव्हीन’ किंवा ‘फोर्स्ड द गव्हर्नमेंट टू इंटरव्हीन’. एकाच शब्दात प्रयोजक रूप करता येत नाही.

आता एक पूर्ण विनंती बघा. सोसायटीची कमिटी सभासदाला लेखापरीक्षण अहवालाची प्रत देत नाही, आणि तो सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जातो. (असा अर्ज मराठीत चालतो आणि खरं तर मराठीतच करावा, पण परगावी, परदेशी राहणारे सदनिकाधारक इंग्रजीत लिहितात हे वास्तव आहे.)

‘डिस्पाइट टू रिटन रिक्वेस्ट्स, द कमिटी हॅज नॉट गिव्हन मी अ कॉपी ऑफ द ऑडिट रिपोर्ट. आय रिक्वेस्ट युअर ऑफिस टू इंटरव्हीन अँड डायरेक्ट द कमिटी टू प्रोव्हाइड इट.’

‘इंटरव्हीन’च्या मागोमाग ‘अँड डायरेक्ट’ आलं आहे ते बघा. उपनिबंधकांनी आत यायचं आणि कमिटीला आदेश द्यायचा, एवढंच मागितलं आहे. ‘डू द नीडफुल’ची जागा ‘डायरेक्ट’ने घेतली, आणि अर्ज निकाली काढायचा तर आता हो किंवा नाही म्हणावंच लागेल.

सावधान: एका अर्जात ‘इंटरव्हीन’ एकदाच. विषयाच्या ओळीत, पहिल्या परिच्छेदात आणि शेवटी असं तीनदा आलं की आर्जवाचा सूर लागतो.

## टप्पा 5: न केलेला हस्तक्षेप

‘कुणीच मध्ये पडलं नाही’ हे ‘नोबडी इंटरव्हीन्ड’. ‘नोबडी डिड नॉट इंटरव्हीन’ लिहिलंत तर सगळेच मध्ये पडले असा उलटा अर्थ होतो.

नकाराच्याही छटा आहेत. ‘डिड नॉट इंटरव्हीन’ म्हणजे नुसती नोंद. ‘फेल्ड टू इंटरव्हीन’ म्हणजे त्याचं कर्तव्य होतं आणि ते चुकलं. हा आरोप आहे, जपून करावा. ‘रिफ्यूज्ड टू’ म्हणजे सांगूनही नकार दिला. ‘डिक्लाइन्ड टू’ हा त्याच नकाराचा सभ्य पोशाख, कोर्टांच्या बातम्यांत शोभणारा. ‘वॉज पॉवरलेस टू इंटरव्हीन’ म्हणजे इच्छा होती, अधिकार नव्हता. तक्रार लिहिताना तुमच्याकडे पुरावा कशाचा आहे ते बघून यातलं एक निवडा.

‘वॉचमनने हस्तक्षेप केला नसता तर…’ ही रचना जवळजवळ प्रत्येक जण चुकवतो. आपण ‘जर’च्या भागातही ‘वुड’ घालतो: ‘इफ द वॉचमन वुड नॉट हॅव इंटरव्हीन्ड’. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’. ‘इफ द वॉचमन हॅड नॉट इंटरव्हीन्ड, समवन वुड हॅव बीन हर्ट.’

## टप्पा 6: एक ईमेल उघडून बघू

मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना लिहिलेला हा मजकूर. नमुन्यासाठी रचला आहे, पण अशी पत्रं कुठल्याही शाळेच्या इनबॉक्समध्ये सापडतील.

‘रिस्पेक्टेड मॅडम, माय सन इज स्टडिंग इन सिक्स्थ. सीनियर बॉइज आर हॅरॅसिंग हिम इन बस. बस अटेंडंट इज नॉट इंटरव्हीनिंग द बॉइज. आय हॅव टोल्ड मेनी टाइम्स बट नो इंटरव्हेन्शन इज डन. काइंडली इंटरफिअर इन द मॅटर अँड डू द नीडफुल.’

टप्पा 1 पासून सुरुवात करू. मध्ये कोणी पडायला हवं होतं? बसमधल्या मावशींनी. दप्तराची ओढाओढ चालू असताना त्या तिथे होत्या, भांडणाबाहेरच्या होत्या. म्हणजे ‘इंटरव्हीन’ त्यांना लागू. मुख्याध्यापिका? शाळेची बस शाळेची जबाबदारी. त्यांच्याकडून हस्तक्षेप नको, निर्णय हवा. म्हणजे शेवटच्या वाक्यातून ‘इंटरफिअर’ तर जाईलच, पण त्या जागी ‘इंटरव्हीन’सुद्धा येणार नाही.

टप्पा 3: ‘इंटरव्हीनिंग द बॉइज’ मध्ये कर्म घुसलं आहे. काळही चुकला आहे. ‘इज नॉट इंटरव्हीनिंग’ म्हणजे या क्षणी करत नाहीये. तक्रार घडून गेलेल्या प्रसंगाची आहे, म्हणून ‘डिड नॉट इंटरव्हीन’. रोजचं रडगाणं असेल तर ‘डझ नॉट इंटरव्हीन’. ‘नो इंटरव्हेन्शन इज डन’ पूर्ण काढा.

टप्पा 5: ‘फेल्ड टू’ लिहावं का? पहिल्याच पत्रात नको. मावशींची बाजू अजून कुणी ऐकलेली नाही.

दुरुस्त मजकूर:

‘डिअर मॅडम, ऑन मंडे आफ्टरनून टू सीनियर बॉइज पुल्ड माय सन्स बॅग अँड पुश्ड हिम ऑफ हिज सीट. द बस अटेंडंट सॉ धिस बट डिड नॉट इंटरव्हीन. आय स्पोक टू द ट्रान्सपोर्ट इन-चार्ज ऑन ट्यूजडे. प्लीज आस्क द अटेंडंट टू सिट नियर द बॅक सीट्स, अँड लेट मी नो बाय फ्रायडे व्हॉट हॅज बीन डिसायडेड.’

‘हॅरॅसिंग’ गेलं, त्या जागी ओढलं आणि ढकललं आलं. ‘मेनी टाइम्स’ गेलं, वार आला. हे क्रियापदाचं शिक्षण नव्हे, पण प्रसंग नेमका मांडला की ‘इंटरव्हीन’ला वजन येतं. कशात मध्ये पडायचं होतं हेच दिसत नसेल तर ‘डिड नॉट इंटरव्हीन’ पोकळ ठरतं.

## टप्पा 7: समोरून आलेला शब्द वाचताना

लिहिणं एक, वाचणं दुसरं. हे नाम काही ठिकाणी ठरावीक अर्थाने येतं आणि उगाच धडकी भरवतं.

रुग्णालयाच्या कागदावर ‘पीसीआय’ दिसलं तर त्यातला ‘आय’ इंटरव्हेन्शनचा. हृदयाच्या धमनीतला अडथळा नळीवाटे मोकळा करणं, म्हणजे आपण जिला अँजिओप्लास्टी म्हणतो ती. ‘इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट’ हे असं काम करणारे डॉक्टर.

मुलाच्या अहवालात ‘अर्ली इंटरव्हेन्शन रेकमेंडेड’ असेल तर कुणी तुमच्या घरात लुडबुड करणार नाहीये. बोलणं, चालणं, शिकणं यात कुठे अडतंय तर लहान वयातच थेरपी किंवा जादा मदत सुरू करा, एवढंच. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा केंद्रं याच नावाने ओळखली जातात: डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ‘इंटरव्हेन्शन’ हा शब्द जादा शिकवणीलाही लावतात. आणि तिथेच बोलण्यात ‘द फॅमिली स्टेज्ड ॲन इंटरव्हेन्शन’ असं आलं, तर घरच्यांनी मिळून व्यसनी माणसाला समोर बसवून उपचार घ्यायची गळ घातली असं समजा.

कोर्टात ‘इंटरव्हेन्शन ॲप्लिकेशन’ म्हणजे दुसऱ्यांच्या चालू खटल्यात आपलंही म्हणणं ऐका असा अर्ज. करणारा तो ‘इंटरव्हीनर’. पक्षकार म्हणून सामील व्हायचं असेल तर त्यासाठी ‘इम्प्लीड’ हा वेगळा शब्द आहे. बातमीत दोन्ही एक करू नका.

क्रिकेटच्या वृत्तांतात ‘रेन इंटरव्हीन्ड’ हे बिनचूक आहे. इथे मध्ये येणारा माणूस नाही, पाऊस आहे, आणि अर्थ आपल्या ‘व्यत्यय आला’चा. त्याच धाग्यातला ‘इन द इंटरव्हीनिंग यिअर्स’ म्हणजे मधल्या वर्षांत. त्यात हस्तक्षेप शोधू नका.

## टप्पा 8: पाठवण्यापूर्वी

स्पेलिंग आय-एन-टी-ई-आर, मग व्ही-ई-एन-ई. ‘व्ही’नंतर आय नाही, दोन ई एकत्र नाहीत. ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ई जातो. नामात तो ई आधीच गेलेला असतो आणि ‘व्हेन्शन’ ऱ्हस्व होतं.

उच्चारात जोर शेवटच्या ‘व्हीन’वर. आपण ‘इंटर’वर जोर देतो आणि घाईत ऐकणाऱ्याला ‘इंटरव्ह्यू’ ऐकू येतो. फोनवर तक्रार नोंदवताना हे खरंच घडतं. नामात जोर ‘व्हेन्’वर.

स्पेल-चेकवर विसंबू नका. ‘इंटरव्हीन्ड द फाइट’ मधला प्रत्येक शब्द त्याच्या लेखी बरोबर आहे, आणि ‘इंटरफिअर’सुद्धा. मजकुरात दोन्ही मुळं शोधा, ‘इंटरव्ह’ आणि ‘इंटरफ’, आणि जिथे सापडतील तिथे दुसऱ्या टप्प्यातली ढवळाढवळीची चाचणी आणि तिसऱ्यातली पुढच्या शब्दाची तपासणी लावा. मग विषयाच्या ओळीकडे या. ‘रिक्वेस्ट फॉर इंटरव्हेन्शन’ असा विषय दिवसाला कितीतरी अर्जांवर असतो. त्या जागी ‘ऑडिट रिपोर्ट नॉट प्रोव्हाइडेड बाय कमिटी’ लिहिलं तर टेबलावरच्या कारकुनाला तो कुठल्या फायलीत लावायचा ते पाकीट उघडतानाच कळतं.